पास्टोरेट कमिटीचं सेक्रेटरीपद हाती आलं की काय काय करायचं

वार्षिक सभेत कुणी तरी तुमचं नाव सुचवलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, टाळ्या वाजल्या आणि तुम्ही मंडळीचे, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांचे आणि त्यांचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीचे, सेक्रेटरी झालात. पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर एक जण पंख्याची तक्रार घेऊन येईल, दुसरा मुलीच्या लग्नाची तारीख घेऊन, तिसरा आजोबांच्या कबरीवरचा दगड बदलायची परवानगी मागायला. हे काम नक्की कसं करायचं, हे मात्र सहसा कुणी शेजारी बसवून सांगत नाही. म्हणून लिहिते आहे.

मी पुण्याच्या पूर्व भागातल्या पेठेत, एका मराठी मंडळीत हे पद सांभाळलं. नोकरी बँकेतली, आधी कॅशवर आणि मग पासिंगला, म्हणजे चेक-व्हाउचर तपासून मंजूर करायला. त्या सवयींचा फार उपयोग झाला. पण मंडळीत काउंटरच्या पलीकडे खातेदार नसतो. ज्याच्या आईच्या दफनविधीला तुम्ही पावसात उभे राहिलात तो भाऊ असतो, आणि त्याला नियम सांगताना तेवढं लक्षात ठेवावं लागतं.

माझं म्हणणं एकच आहे. सेक्रेटरी हा दुसरा पाळक (पास्टर) नाही आणि मंडळीचा मालकही नाही. पाळकसाहेबांची बदली होते, कमिटी बदलते, खजिनदार बदलतो. मंडळीने काय ठरवलं, कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणी दिलेला पैसा कुठे गेला, हे लेखी राहिलं पाहिजे आणि विचारणाऱ्या सभासदाला दिसलं पाहिजे. ही सेवा आहे आणि पूर्ण आध्यात्मिक सेवा आहे. पहिल्या मंडळीत विधवांच्या अन्नवाटपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी सात जण नेमायला सांगितले, आणि तेही आत्म्याने व ज्ञानाने भरलेले. हिशेबाच्या कामाला कुणीही चालेल असं त्यांनी म्हटलं नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पद स्वीकारायच्या आधी एकदा शांतपणे वाचा.

मी सांगते ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सी.एन.आय.च्या मंडळीबद्दल. मेथडिस्ट, कव्हेनंट किंवा स्वतंत्र मंडळीत पदांची नावं आणि अधिकार वेगळे असतील, पण कामाचा गाभा फारसा बदलत नाही. सी.एन.आय.मध्येही प्रत्येक धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाची, घटना आहे. तिची प्रत मिळवा आणि पास्टोरेट कमिटीचा भाग पेन्सिल घेऊन वाचा. मुदत किती, कोरम किती, कुठल्या खर्चाला धर्मप्रांताची मंजुरी लागते, हे तिथून घ्यायचं. "आपल्याकडे असंच चालतं" हे उत्तर कधी देऊ नका आणि कुणी दिलं तर स्वीकारू नका.

ताबा

पहिल्या पंधरवड्यातच जुन्या सेक्रेटरींकडून रीतसर ताबा घ्या. "कपाटात सगळं आहे, ही चावी" एवढ्यावर भागवू नका. त्यांनी मंडळीसाठी खस्ता खाल्लेल्या असतात, यादी मागितली तर अविश्वास वाटेल म्हणून आपल्याला संकोच होतो. पण यादी झाली की त्यांच्या मागे त्यांच्या नावाने कुणी काही बोलू शकत नाही, हे त्यांना समजावून सांगा. तीन प्रती काढा, जाणारे, येणारे आणि पाळकसाहेब यांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत जाणाऱ्यांच्या हातात द्या.

यादीत मिनिट्स बुकं सालवार लिहा. बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन, विश्वास जाहीरपणे कबूल करण्याचा विधी), विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या, प्रत्येकीचा पहिला आणि शेवटचा नोंद क्रमांक टाकून. सभासदांची यादी, पासबुकं, चेकबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, ऑडिट रिपोर्ट, जागेचे कागद, विम्याची पॉलिसी, सेक्स्टन (देवळाची देखभाल करणारा) आणि वॉचमन यांची नेमणूकपत्रं. प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला आणि तबक प्रत्यक्ष बघून, शक्य असेल तर वजन करून लिहा.

आजकाल याहून महत्त्वाची गोष्ट कपाटात नसतेच. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळाचं लॉगिन, आयकराचा पासवर्ड, बँकेचा ओटीपी येणारा मोबाइल, मंडळीचा ईमेल. हे सगळं कधी काळच्या खजिनदारांच्या मुलाच्या फोनवर असतं, आणि तो मुलगा कॅनडात. पहिल्याच कमिटीत ठराव करून मंडळीच्या नावाचं एक सिमकार्ड आणि एक ईमेल घ्या आणि सगळीकडे तेच नोंदवा. बँकेत सह्या बदलायला ठरावाची खरी प्रत आणि नव्या सहीदारांची केवायसी लागते. ते होईपर्यंत जुन्या सह्यांवर पुढचे चेक लिहून ठेवायची सोय कुणी सुचवेल. नको म्हणा.

जागेचे कागद उघडाल तेव्हा एक लक्षात ठेवा. सी.एन.आय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला स्थापन झाली, सहा मंडळ्या एकत्र येऊन. पुण्यातली देवळं (चर्च) त्याच्या कितीतरी आधीची: कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ सालचं, गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, म्हणजे आपलं पंचहौद, १८८५ सालचं. तेव्हा जुन्या कागदांवर सी.एन.आय. हे नाव सापडणार नाही. तुमची मंडळी अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) वळणाची की स्कॉटिश मिशनकडून आलेली, हे आधी विचारा आणि त्या मिशनच्या किंवा तिच्या ट्रस्टच्या नावाने शोधा. पेठेतली जागा असेल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल तर नोंद जनरल लँड रजिस्टरला असते, तिचा उतारा मागा. दोन्हीची ताजी प्रत फाइलला असावी. मालक म्हणून कुणाचं नाव आहे हे सेक्रेटरीला तोंडपाठ हवं.

सभा आणि मिनिट्स

सभेचे अध्यक्ष पाळकसाहेब. तुमचं काम सभा चालवणं नसून ती चालेल अशी तयारी करणं. विषयपत्रिका आठवडाभर आधी सगळ्यांना गेली पाहिजे. आपले सभासद पूर्वी देवळाच्या आसपासच राहायचे, वॉचमनच्या हाती चिठ्ठी दिली की झालं. आता कुणी उंड्रीला, कुणी वाघोलीला, कुणी पिंपरीला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाच, पण पोहोच मागा, आणि ज्या वडिलधाऱ्यांकडे साधा फोन आहे त्यांना स्वतः फोन करा. "ऐन वेळचे विषय" या शेवटच्या ओळीखाली पैशाचा किंवा जागेचा विषय कधीही घेऊ देऊ नका. भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

आता मिनिट्स. आपल्याकडे सर्रास असं लिहिलेलं असतं: "छताच्या दुरुस्तीबद्दल चर्चा झाली. सर्वांनी आपापली मते मांडली. योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले." या तीन वाक्यांत काहीच नाही. पुढच्या जूनमध्ये वेदीवर पाणी टपकायला लागलं की प्रत्येकाला वेगळं आठवतं. त्याऐवजी असं लिहा:

"ठराव ४. वेदीच्या वरच्या छताची गळती ३१ मेपूर्वी दुरुस्त करून घ्यावी. आलेल्या तीन दरपत्रकांपैकी सर्वात कमी दराचे, पण जलरोधक कामाची पाच वर्षांची लेखी हमी देणारे दरपत्रक मान्य. खर्च इमारत निधीतून. देखरेख: मालमत्ता उपसमितीचे निमंत्रक. ठराव दोन सभासदांच्या विरोधासह मंजूर."

पुढे सूचक आणि अनुमोदक. विरोध झाला असेल तर तो लिहायचाच, एकमत झाल्यासारखं दाखवायचं नाही. ज्याचा विरोध वहीत उतरला, तो माणूस बाहेर पार्किंगमध्ये तो मांडत बसत नाही, हा माझा अनुभव. आणि ठराव तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवा. शब्द सगळ्यांना मान्य झाला की मगच पुढचा विषय. घरी जाऊन आठवून लिहिलेल्या मिनिट्समध्ये सेक्रेटरीचं मत नकळत शिरतं.

काय लिहायचं नाही तेही सांगते. कोण रडलं, कोण कुणाला काय म्हणालं, कुठल्या कुटुंबात काय चाललंय, हे वहीत जात नाही. कुणाला मदत निधीतून औषधाला पैसे दिले तर नाव वेगळ्या गोपनीय नोंदीत, मिनिट्समध्ये फक्त रक्कम आणि कारण. वही बांधीव, पानांना छापील क्रमांक. टाइप केलेले कागद चिकटवायचे असतील तर कागद आणि पान दोन्हीवर येईल अशी सही. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही, पांढरी शाई नाही.

रविवारचा पैसा

हा भाग मी लांबवणार आहे, कारण मंडळीतला विश्वास मोडतो तो इथेच, आणि बहुतेक वेळा कुणी काही खाल्लेलं नसताना मोडतो.

उपासना संपते, आशीर्वाद होतो, दानाच्या थैल्या व्हेस्ट्रीत, म्हणजे देवळाच्या आतल्या कामाच्या खोलीत, येतात. तिथे मोजायला नेहमी दोघं हवीत, शक्यतो तिघं, आणि एका घरातली नकोत. नवरा-बायको, बाप-लेक ही जोडी कितीही प्रामाणिक असली तरी नको. पाळकसाहेबांनी मोजायला बसू नये, सेक्रेटरीनेही नाही. टेबल मोकळं करा, पर्स आणि पिशव्या खाली ठेवा. थैली उलटी करून आतलं अस्तर बाहेर काढा, कारण दुमडलेली नोट शिवणीत अडकते. मग वर्गवारी करा. नुसतं दान एका बाजूला. दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या भागाची) पाकिटं दुसऱ्या बाजूला, पाकिटावरचा आकडा आतल्या रकमेशी जुळवून; जुळला नाही तर पाकिट न फेकता त्यावर फरक लिहून दोघांनी सही करायची. उपकारस्तुतीची पाकिटं तिसऱ्या बाजूला, कारण त्यावर नाव आणि कारण असतं: नातू झाला, ऑपरेशन नीट पार पडलं, दहावी सुटली. ती नावं पाळकसाहेबांकडे प्रार्थनेसाठी जायची असतात, रक्कम नाही. कुणी किती दिलं हे पाळकाला माहीत नसलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजणीच्या छापील फॉर्मवर नोटांचा तपशील लिहा: पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, चिल्लर किती. अंकी, अक्षरी, सह्या. एक प्रत पैशाबरोबर, एक तुमच्या फाइलला. पैसा तिजोरीत आणि सोमवारी बँकेत, आहे तेवढाच्या तेवढा. मोजणी चालू असताना दाराशी इलेक्ट्रिशियन उभा असतो, "साहेब, आठशे रुपये द्या, मी निघतो." त्यातून द्यायचे नाहीत. किरकोळ खर्चाची रक्कम वेगळी ठेवा आणि तिथून पावती घेऊन द्या. दानातून परस्पर खर्च झाला की बँकेतला आकडा आणि फॉर्मवरचा आकडा कायमचे वेगळे होतात, आणि ऑडिटर त्याच जागी बोट ठेवतो. आयकराच्या नियमाने एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलं तर तो खर्च न्यासाच्या (ट्रस्टच्या) कामाचा म्हणून धरला जात नाही, तेव्हा मोठी बिलं चेकने किंवा ऑनलाइन.

क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच असला पाहिजे. तरुण संघाच्या सहलीसाठी, महिला मंडळाच्या मेळाव्यासाठी कुणी आपल्या फोनचा कोड ग्रुपवर टाकतो, हेतू चांगला असतो. पहिल्याच वेळी प्रेमाने थांबवा.

कापणीच्या सणाला वेगळी वही लागते. लोक भाजी, तांदूळ, नारळ, अंडी, घरचा केक, कुणी जिवंत कोंबडी आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एका भोपळ्याला कुणी उत्साहाने हजार रुपये बोलतं आणि म्हणतं, "पुढच्या रविवारी देतो." बोली लावणाऱ्याच्या शेजारी एकाला वही घेऊन बसवा: वस्तू, नाव, बोली, जमा, बाकी. सणानंतरच्या दुसऱ्या रविवारी बाकीवाल्यांना एकेकट्याला गाठून आठवण करा. सूचनांमध्ये नावं वाचून कुणाला लाजवू नका.

पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी दान घेऊन निघाला तेव्हा त्याने बरोबर माणसं घेतली. का, तेही त्याने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगितलं आहे: एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कुणाला दोष ठेवायला जागा राहू नये. पौलाला सोबत लागली, मग आपल्याला "माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारायचा अधिकार कुठून आला?

नोंदवह्या

एखाद्या मंगळवारी एक अनोळखी बाई येतात. मुंबईला असतात, पासपोर्टसाठी की पेन्शनसाठी वडिलांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा आहे. साल नक्की माहीत नाही, "एकोणीसशे छप्पन किंवा सत्तावन." अशा वेळी नाव शोधू नका, कारण आडनाव त्या काळी वेगळं लिहिलेलं असू शकतं: घरचं जुनं आडनाव, गावावरून पडलेलं, कधी मिशनरीने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. आईचं नाव आणि धर्मपालकांची (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणाऱ्यांची) नावं धरून शोधा, ती सहसा बदलत नाहीत. सापडली की बाईंना नोंद दाखवा. त्या पानावर आपल्या आजीचा अंगठा किंवा मोडी वळणाची सही बघून माणसं हलतात. या वह्यांमध्ये आपली कुटुंबं आहेत, म्हणून त्या जिवापाड जपायच्या.

दाखला देताना वहीत आहे तसंच उतरवा. "आता आधारवर असं आहे, तसं लिहा ना" ही विनंती फार वेळा होते आणि करणारा खरोखर अडलेला असतो. तरी नाही. दाखला म्हणजे वहीचा उतारा. दुरुस्ती करायची तर लेखी अर्ज आणि पुरावा घेऊन, पाळकसाहेबांच्या संमतीने, समासात तारीख घालून नोंद करायची. मूळ ओळीला हात लावायचा नाही. दाखल्यावर सही पाळकसाहेबांची, तुमची नाही. वही कुणालाही घरी नेऊ देऊ नका. जुन्या वह्यांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा आणि पावसाळ्याआधी कपाटाच्या तळाशी हात घालून ओल बघा.

लग्नाच्या बाबतीत कायदा १८७२ चा आहे, इंडियन ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्ट. लग्न लावायचा अधिकार पाळकसाहेबांचा. तुम्ही कागद तपासून द्यायचे: वयाचे पुरावे (मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण), दुसऱ्या मंडळीतल्या पक्षाचं पत्र, आधी लग्न झालेलं असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला. बॅन्स, म्हणजे लग्नाची देवळातली जाहीर घोषणा, वाचायला पुरेसे रविवार हाताशी आहेत ना, हे तारीख देण्याआधी मोजा, हॉलचं बुकिंग झाल्यावर नाही. या कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात लागावं लागतं. लॉनवाले साडेसातचा मुहूर्त सांगतात, तो जेवणाचा ठेवा. नोंदवहीतल्या सह्या देवळातच पूर्ण करून घ्या. एकदा वरात निघाली की साक्षीदार सापडत नाहीत.

दफनाच्या नोंदीत कबर क्रमांक आणि रांग लिहाच. जागेची टंचाई आहे, एकाच कुटुंबाची कबर पुन्हा उघडावी लागते, आणि त्या वेळी घरच्यांना विचारत बसायची वेळ येऊ नये.

धर्मादाय आणि जागा

तुमची मंडळी स्वतंत्र सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे की धर्मप्रांताच्या किंवा जुन्या ट्रस्टच्या छत्राखाली, हे पाहून मग पुढचं वाचा. स्वतंत्र नोंदणी असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० तुम्हाला थेट लागू होतो. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, ९० दिवसांत दाखल करायचा. निवडणुकीची नोटीस, हजेरी, मिनिट्स, निवडून आलेल्यांची संमतीपत्रं आणि जुन्यांची माहिती हे सगळं त्याच आठवड्यात गोळा करा. नंतर कुणी गावी जातं, कुणी रुसतं. चेंज रिपोर्ट राहून गेला की एकावर एक थर चढतात आणि काही वर्षांनी कागदावर विश्वस्त म्हणून देवाघरी गेलेली माणसं उरतात. मग बँकही अडवते.

हिशेब ३१ मार्चला बंद, ऑडिट सप्टेंबरअखेर. अंदाजपत्रक नवीन वर्ष सुरू व्हायच्या किमान महिनाभर आधी द्यायचं असतं, म्हणजे जानेवारीतच कमिटीत मांडा. चार्टर्ड अकाउंटंट मंडळीतलाच असेल आणि फुकट करतो म्हणत असेल, तर आभार माना आणि बाहेरचा नेमा.

जागेबद्दल मी कडक आहे. कलम ३६ आणि ३६अ मिळून सांगतात की न्यासाची स्थावर मिळकत विकायला, गहाण ठेवायला, बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते: शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळासाठी द्यायची असेल तर. आपल्या मंडळ्यांच्या जागा शहराच्या मध्यात आहेत. कुणी तरी बंगल्याच्या जागी इमारतीचा नकाशा घेऊन, मिठाईचा डबा घेऊन तुमच्या घरी येईल. घरी भेटू नका. व्हेस्ट्रीत, कमिटीसमोर, लेखी प्रस्ताव घेऊन या म्हणा. साधं "आम्हाला रस आहे" असं पत्रही मंडळीच्या लेटरहेडवर देऊ नका, ते पत्र पुढे कुठे वापरलं जाईल सांगता येत नाही. लेटरहेड आणि शिक्का कुलपात ठेवा, जावक नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय एकही पत्र बाहेर जाता कामा नये.

पाळकसाहेब आणि तुम्ही

आठवड्यातून एक ठरलेली वेळ दोघांनी बसायला काढा. काय वाचायचं, कोण आजारी, कुठलं पत्र आलं, एवढंच. वेदी, वचन, संस्कार हे त्यांचं क्षेत्र. प्रवचन लांबलं ही तक्रार तुमच्याकडे आली तरी तुम्ही ती वाहून नेऊ नका, तक्रारदाराला त्यांच्याकडे पाठवा. त्यांच्या घराची गळती, मुलांची शाळा, मानधन वेळेवर, हे मात्र तुमचं. मानधनासाठी पाळकाला खजिनदाराच्या मागे फिरावं लागणं ही मंडळीला शोभणारी गोष्ट नाही.

मतभेद झाला तर सभेच्या आधी, दार लावून, स्पष्ट बोला. धर्मप्रांताला पत्र लिहायची वेळ आली तर त्याची प्रत त्यांना द्या. पाठीमागून पाठवलेलं पत्र कितीही खरं असलं तरी मंडळीचे दोन तुकडे करतं.

एका बाबतीत कुणाचीही गय नाही. रविवार शाळेत, शिबिरात, गायनाच्या तालमीत एखाद्या मुलामुलीला कुणाकडून त्रास झाल्याचं कानावर आलं, तर कमिटीत मिटवायचा विषय तो नव्हे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीचं नाव जाईल, तो किती जुना सेवक आहे, असं सांगणारे लोक येतील. मुलाचं ऐका, १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात कळवा, आणि त्या दिवसापासून त्या व्यक्तीला मुलांच्या कामातून दूर ठेवा. शिबिराला दोन मोठी माणसं, खोलीचं दार उघडं, आणि पालकांची लेखी संमती, हे आधीपासूनच असू द्या.

डिसेंबरसाठी थोडक्यात: स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून वेळेत काढा. रात्री १० नंतर स्पीकर बंद, हा नियम देवळालाही आहे. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, त्या दिवसांची यादी प्रशासन जाहीर करतं. २४ आणि ३१ डिसेंबर तिच्यात आहेत का ते बघूनच उपासनेची वेळ छापा. कॅरोलची बस, घरांचा क्रम, चहा कुणाकडे, हे तरुण संघावर सोपवा आणि त्यात ढवळाढवळ करू नका. ते तुमच्यापेक्षा चांगलं करतात.

मतदारयादी

वार्षिक सभेत वाद होतो तो बहुतेक यादीवरून. मताचा अधिकार कुणाला, हे घटनेत लिहिलेलं असतं: दृढीकरण झालेले, प्रभुभोजन घेणारे, वर्गणी चालू असलेले, आणि धर्मप्रांताप्रमाणे आणखी अटी. यादी सभेच्या बऱ्याच आधी सूचनाफलकावर लावा, सलग रविवारी वाचून सांगा, हरकतींना शेवटची तारीख द्या आणि प्रत्येक हरकतीचं उत्तर लेखी द्या. जे नगरला किंवा दुबईला गेले आणि वर्गणी मात्र भावाकडून येते, त्यांचं काय, हा प्रश्न दरवेळी येतो. त्याचा निर्णय कमिटीने निवडणूक लांब असताना, शांतपणे घ्यावा. सभेच्या दिवशी दारात वर्गणी भरून घेऊन मतदान करू देऊ नका, मग तो माणूस तुमच्या बाजूचा असो की विरोधातला. आणि तुम्ही स्वतः पुन्हा उभे राहणार असाल तर यादी, मतपत्रिका आणि मोजणी यांतलं काहीच तुमच्या हाती नको. धर्मप्रांताकडून निरीक्षक मागवा, आणि तसा ठराव निदान दोन महिने आधीच्या कमिटीत करून ठेवा.